झिया मोहिउद्दीन डागर

उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (जन्म : उदयपूर, १४ मार्च १९२९, मृत्यू : २८ सप्टेंबर १९९०) हे ध्रुपद परंपरेतील थोर रुद्रवीणावादक आणि गुरू होते. डागर घराण्याच्या परंपरागत गणनेनुसार ते या घराण्याच्या एकोणिसाव्या पिढीतील कलावंत. संस्थानी दरबार लयाला गेल्यानंतर रुद्रवीणेचे जाणकार वादक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. अशा काळात या वाद्याला एकलवादनाचे वाद्य म्हणून मैफलीत पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. त्यासाठी त्यांनी वीणेची रचना, तिच्या तारा, ती धरण्याची आणि छेडण्याची पद्धत यांत महत्त्वाचे बदल केले. जे वाजवायचे ते संगीत मात्र घराण्याच्या कठोर शिस्तीप्रमाणेच ठेवले. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ महाराष्ट्रात, मुंबईतील चेंबूर येथे गेला. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळील पळस्पे येथे त्यांनी उभारलेले गुरुकुल हे ध्रुपदाच्या शिक्षणाचे एक प्रमुख केंद्र ठरले. १९८१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

रुद्रवीणा : वाद्य आणि त्याची परंपरा

महाराष्ट्रात वीणा हा शब्द उच्चारला की बहुधा वारकरी दिंडीतील विणेकऱ्याच्या गळ्यातील वीणा डोळ्यांसमोर येते. तुळजाभवानीच्या गोंधळात वाजणारे तुणतुणे हे तिचेच दूरचे, साधे नातलग म्हणता येईल. ही वाद्ये सुराचा आधार देतात आणि ठेका धरतात. त्यांवर रागविस्तार होत नाही. रुद्रवीणा हे यांहून वेगळे वाद्य आहे. उत्तर हिंदुस्थानी संगीतात तिला बीन असेही म्हणतात आणि ती वाजवणाऱ्याला बीनकार. (गारुड्याच्या पुंगीलाही बीन म्हणतात, तिचा या वाद्याशी संबंध नाही.)

रुद्रवीणेची रचना पाहताक्षणी लक्षात राहते. एक लांब, पोकळ दांडी आणि तिच्या दोन्ही टोकांजवळ खाली जोडलेले दोन मोठे भोपळे, असा तिचा सांगाडा असतो. दांडीवर उंच पडदे असतात. परंपरेने ते मेणाने बसवले जात. वादनाच्या मुख्य तारा चार असून बाजूंना चिकारीच्या आणि सुराच्या साथीच्या तारा असतात. दांडीच्या एका टोकाला पुष्कळदा लाकडात कोरलेला मोर दिसतो. हे वाद्य शिवाने निर्माण केले, अशी श्रद्धा असल्यामुळे त्याच्याभोवती पावित्र्याचे एक वलय आहे.

मोगल काळात बीनकाराचे स्थान फार वरचे होते. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातील कलावंतांच्या यादीत बीनवादकांची नावे आढळतात. नौबत खाँ या बीनकाराचे चित्रकार मन्सूर याने काढलेले चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. महाराष्ट्राला बीन परिचित झाली ती मुख्यतः बंदे अली खाँ यांच्या वादनामुळे. इंदूर दरबारातील हे नामांकित बीनकार आयुष्याच्या अखेरीस पुण्यात राहिले आणि तेथेच त्यांचे निधन झाले. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांना लहान वयात ज्यांचे मार्गदर्शन लाभले, त्या गुरूंपैकी ते एक होत.

एकोणिसाव्या शतकापासून मात्र बीन मागे पडू लागली. ख्यालगायनाने ध्रुपदाची जागा घेतली; सतार, सुरबहार आणि सरोद ही वाद्ये लोकप्रिय झाली. बीनकारांनी आपली विद्या सहसा घराबाहेर दिली नाही. बाहेरच्या शिष्याला ते सतार किंवा सुरबहार शिकवत आणि बीन मुलासाठी किंवा पुतण्यासाठी राखून ठेवत. विद्या जपण्यासाठी घातलेले हे कुंपणच पुढे तिच्या मुळावर आले, कारण घरात वारस नसला की वाद्यही अबोल होई. त्यातच बीनेचा नाद मुळात हळुवार. दरबारातील चार जाणकारांसमोर तो पुरेसा असला, तरी शेकडो श्रोत्यांच्या सभागृहात तो विरून जाई.

घराणे आणि बालपण

डागर घराण्याचा ज्ञात इतिहास जयपूर दरबारातील बहराम खाँ यांच्यापासून विशेष ठळकपणे दिसू लागतो. त्यांच्या नंतरच्या पिढ्यांत झाकिरुद्दीन खाँ आणि अल्लाबंदे खाँ या बंधूंची जोडी ध्रुपदाच्या सहगायनासाठी हिंदुस्थानभर गाजली. झाकिरुद्दीन खाँ उदयपूरला आणि अल्लाबंदे खाँ अलवरला दरबारी गायक होते. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९१६ साली बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. श्रुतींचा प्रश्न हा त्या परिषदेतील चर्चेचा एक मुख्य विषय होता आणि कृ. बा. देवल व अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या संशोधनातून तयार झालेली श्रुतीची पेटी तेथे मांडली गेली होती. झाकिरुद्दीन खाँ या परिषदेत सहभागी झाले होते. राग बदलला की त्याच स्वराची जागा केसभर वरखाली होते, हे ज्ञान डागर घराणे पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात जपत आले होते.

झाकिरुद्दीन खाँ यांचे पुत्र झियाउद्दीन खाँ हे उदयपूरचे महाराणा भूपालसिंह यांच्या दरबारी कलावंत होते. ते गायक होते आणि वीणेचेही जाणकार होते. झिया मोहिउद्दीन हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र. धाकटे झिया फरीदुद्दीन (१९३२–२०१३) पुढे ध्रुपदगायक म्हणून प्रसिद्धीस आले. दोघांचेही शिक्षण वडिलांकडेच झाले. घराण्याच्या रीतीप्रमाणे झिया मोहिउद्दीन यांना आधी गायन आणि त्याच्या जोडीने वीणा शिकवण्यात आली.

डागर घराण्यात वीणेचे स्थान विशेष होते. स्वराचा नेमका ठाव कळावा, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट स्पष्ट दिसावी, यासाठी गायक वीणेचा अभ्यास करीत. लोकांसमोर मात्र ते गात असत. म्हणजे वीणा ही घरातली पाटी होती, तिच्यावर गिरवायचे आणि सभेत गळ्याने म्हणून दाखवायचे. झिया मोहिउद्दीन यांनी तरुणपणीच वेगळा निर्णय घेतला. लोकांसमोर वीणाच वाजवायची, असे त्यांनी ठरवले. ज्या वाद्याला श्रोता आणि आश्रयदाता दोन्ही उरले नव्हते, त्यावर आयुष्य लावण्याचा हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने धाडसाचाच होता.

मुंबईतील वास्तव्य

१९४६ साली झियाउद्दीन खाँ यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला आणि अल्पावधीत संस्थाने विलीन झाली. दरबारी कलावंतांच्या दृष्टीने या दोन-तीन वर्षांत सारे जगच बदलले. ठरलेले वेतन, राहायला घर, ऐकणारा धनी आणि सकाळ-संध्याकाळचे रागांचे वेळापत्रक हे सारे एकाएकी संपले. आकाशवाणी, संगीत मंडळे, सभागृहे आणि शिकवण्या हे कलावंताचे नवे आधार झाले. डागर कुटुंबातील कलावंत निरनिराळ्या शहरांत विखुरले. झिया मोहिउद्दीन मुंबईत आले आणि चेंबूर येथे स्थायिक झाले.

मुंबई हे तेव्हा ख्यालगायनाचे आणि सतार-सरोदाच्या मैफलींचे मोठे केंद्र होते. ध्रुपदाकडे आदराने पाहिले जाई, पण ते ऐकण्यासाठी मुद्दाम जाणारे थोडे होते. त्यात झिया मोहिउद्दीन यांचा आलाप अत्यंत संथ आणि मंद्र सप्तकात दीर्घकाळ रेंगाळणारा. वेगवान तान-तोड्यांना आणि तबल्याशी होणाऱ्या सवाल-जबाबाला सरावलेल्या श्रोत्याला तो परका वाटे. श्रोत्यांच्या आवडीकडे पाहून वादन सोपे करणे त्यांना शक्य होते. ते त्यांनी केले नाही.

याच सुमारास परिस्थितीला हळूहळू वळण लागत होते. १९६४ साली नासिर मोइनुद्दीन आणि नासिर अमीनुद्दीन या थोरल्या डागर बंधूंचा युरोपचा दौरा झाला आणि पाश्चात्य श्रोत्यांना ध्रुपदाची ओळख झाली. त्याचा प्रतिध्वनी भारतातही उमटला. ध्रुपद ही संग्रहालयात ठेवायची वस्तू नसून जिवंत कला आहे, असे नव्या पिढीतील काही अभ्यासकांना वाटू लागले. चेंबूरच्या घरी शिकायला येणाऱ्यांत अशांचा भरणा होता.

वीणेची पुनर्रचना

झिया मोहिउद्दीन यांचे नाव संगीताच्या इतिहासात ज्या कार्यामुळे कायमचे नोंदले गेले, ते म्हणजे रुद्रवीणेची पुनर्रचना. ध्रुपदाचा आलाप हा मुळात गळ्याचा. गायकाचा श्वास दीर्घ असतो. एका श्वासात तो मंद्र पंचमावरून निघून अनेक स्वरांना स्पर्श करीत षड्जापर्यंत येऊ शकतो. छेडलेली तार मात्र छेडल्या क्षणापासून विझू लागते. जुन्या बीनेवर नाद लवकर मावळत असल्याने दीर्घ मींड पुरी होण्याआधीच आवाज संपण्याची भीती असे. वाद्य गळ्याच्या मागे पडत होते, आणि ज्या घराण्यात वीणा गळ्यासाठीच शिकायची, तेथे ही उणीव बोचणारी होती.

कोलकात्यातील कनाईलाल अँड ब्रदर या नामांकित वाद्यनिर्मात्यांच्या सहकार्याने त्यांनी आपल्या मनातील वीणा घडवून घेतली. दोन्ही भोपळे आकाराने मोठे घेण्यात आले. दांडी अधिक जाड आणि भरदार करण्यात आली. तारा नेहमीपेक्षा जाड वापरण्यात आल्या आणि वाद्याचा मूळ स्वर खाली आणण्यात आला. घोडीच्या जवारीवरही, म्हणजे जिच्यावर तार टेकते त्या पृष्ठभागाच्या घडणीवरही, बारकाईने काम झाले.

या बदलांचा परिणाम असा झाला की, जाड तार खालच्या स्वरात लावली असता तिचे कंपन सावकाश आणि दीर्घकाळ चालू लागले. मोठ्या भोपळ्यांमुळे खर्जाला भरीव घुमारा मिळाला. जवारी नीट जुळली की तारेच्या मूळ स्वराबरोबर तिचे उपस्वरही फुलतात आणि नाद एकदम न विझता हळूहळू वितळत जातो. याचा सर्वांत मोठा लाभ मींडेला झाला. वीणेवर पडद्यावर दाबलेली तार आडवी खेचली की ताण वाढून स्वर चढतो. ती सावकाश सैल सोडली की उतरतो. नाद टिकाऊ झाल्यामुळे एकदाच छेडून पुढचे अनेक स्वर केवळ खेचेवर काढणे शक्य झाले. आघात एक आणि स्वरांची वाट लांबलचक, हे गळ्याचे वैशिष्ट्य वीणेला मिळाले.

वाद्य जड झाल्यामुळे ते धरण्याची पद्धतही बदलली. जुने बीनकार डावीकडचा भोपळा डाव्या खांद्यावर घेत आणि दांडी छातीवर तिरपी ठेवत. झिया मोहिउद्दीन यांनी वीणा दक्षिणेतील सरस्वती वीणेप्रमाणे समोर आडवी धरण्यास सुरुवात केली. तारा छेडण्यासाठी बीनकार बोटांत तारेच्या नख्या, म्हणजे मिझराब, घालतात. त्या त्यांनी सोडल्या आणि उघड्या बोटांनी वादन केले. धातूवर धातू आपटल्याचा खणका गेला आणि नादाचा आरंभ मृदू झाला. स्वर नेमका केव्हा सुरू झाला, हे कळू नये इतका तो हळुवार उमटे.

वादनशैली

त्यांच्या मैफलीचा गाभा आलाप हा होता. ध्रुपदाच्या रीतीप्रमाणे तो तालाशिवाय सुरू होतो. आरंभी विलंबित आलाप, मग लयीची जाणीव देणारा जोड आणि शेवटी द्रुत गतीचा झाला, असा त्याचा क्रम असतो. गायक हा आलाप नोम्-तोमच्या अक्षरांनी करतात. वीणेवर त्या अक्षरांची जागा आघात घेतात. त्यानंतर पखवाजाच्या साथीने चौताल (१२ मात्रा), धमार (१४ मात्रा) किंवा सूलताल (१० मात्रा) अशा तालांत रचना वाजवली जाते.

झिया मोहिउद्दीन यांचा विलंबित आलाप विलक्षण सावकाश असे. रागातील स्वर ते एकेक करून उलगडत. षड्जाच्या खाली मंद्र आणि अतिमंद्रात दीर्घकाळ फिरून झाल्यावरच वरच्या स्वरांना हात घालत. पुढचा स्वर येणार, अशी अपेक्षा निर्माण करून तो रोखून धरणे, त्याच्या अगदी जवळ जाऊन परतणे आणि अखेर तो लागला की श्रोत्याला हायसे वाटणे, या खेळावर त्यांची रागमांडणी उभी होती. दोन स्वरांमधील शांततेचाही ते स्वरासारखाच उपयोग करीत.

श्रुतींचा सूक्ष्म विचार हे त्यांच्या वादनाचे दुसरे वैशिष्ट्य. भैरवातील कोमल ऋषभ आणि मारव्यातील कोमल ऋषभ नावाने एक असले, तरी त्यांची जागा आणि स्वभाव वेगळा, हे डागर घराण्यात पहिल्या धड्यापासून शिकवले जाते. पेटीच्या पट्टीवर हा भेद दाखवता येत नाही. वीणेच्या पडद्यावर मात्र किंचित अधिक दाब देऊन, तार तसूभर ओढून तो दाखवता येतो. आकार, डगर, धुरण, मुरण, कंपित, आंदोलित, लहक, गमक, हुदक, स्फूर्ती अशी आलापाची जी लक्षणे घराण्यात सांगितली जातात, त्यांना त्यांच्या वादनात तारेवरचे रूप मिळाले.

यमन, शुद्ध तोडी, मारवा, पंचम कोस यांसारख्या रागांची त्यांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. यमन हा तर संगीताच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही शिकतो. तोच राग त्यांच्या वीणेवर ऐकताना ओळखीच्या गावाला प्रथमच पायी निघाल्यासारखे वाटते. गाडीतून झरझर मागे पडणारी प्रत्येक खूण येथे थांबून पाहावी लागते.

जुने जपण्याचे दोन मार्ग

झिया मोहिउद्दीन यांनी केलेले बदल सर्वांना मान्य होण्यासारखे नव्हते. ज्या वाद्याभोवती पावित्र्याची भावना आहे, ज्याचा आकार आणि धरण्याची मुद्रा यांनाही अर्थ आहे, ते बदलले तर परंपरा उरली कोठे, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. त्यांचे समकालीन बीनकार उस्ताद असद अली खाँ (१९३७–२०११) यांनी वेगळा मार्ग चोखाळला. जयपूरच्या बीनकार घराण्यातील, खंडार बाणीचे हे वादक वीणा अखेरपर्यंत खांद्यावर घेऊनच वाजवत राहिले. त्यांच्या वादनात मिझराबचा ठसठशीत आघात आणि पखवाजाच्या बोलांसारखे वजन होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोघांनीच रुद्रवीणा प्रामुख्याने देशापुढे ठेवली. एकाने वाद्याचे रूप आणि धरण्याची मुद्रा राखली; दुसऱ्याने वाद्यातून गळ्याचा आलाप निघावा म्हणून त्याचे रूप बदलले. दोघांचाही हेतू जुने जपण्याचाच होता.

या प्रश्नाची पाश्चात्य संगीतातील जुनी वाद्ये पुनरुज्जीवित करणाऱ्या चळवळीशी तुलना केली असता झिया मोहिउद्दीन यांच्या कार्याचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. इंग्लंडमध्ये आर्नल्ड डॉलमेच (१८५८–१९४०) यांनी व्हायोल, ल्यूट यांसारखी विस्मरणात गेलेली वाद्ये पुन्हा घडवून वाजवली, १९१५ साली सतराव्या-अठराव्या शतकांतील संगीताच्या वादनपद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि १९२५ साली हॅसलमिअर येथे त्या संगीताचा महोत्सव सुरू केला. ऑस्ट्रियात चेलोवादक निकोलाउस हार्नोनकूर (१९२९–२०१६) यांनी १९५३ साली जुन्या वाद्यांचा ताफा उभा केला. हार्नोनकूर आणि झिया मोहिउद्दीन यांचे जन्मवर्ष एकच आहे. तेथे संगीत कागदावर लिहिलेले शिल्लक होते आणि जुनी वाद्येही संग्रहालयांत होती. तुटली होती ती वाजवण्याची जिवंत परंपरा. त्यामुळे पोलादी तारा काढून आतड्याच्या तारा लावणे आणि वाद्य मूळ रूपात नेणे हा त्यांना जुन्या नादाकडे जाण्याचा खात्रीचा मार्ग वाटला. येथे परिस्थिती नेमकी उलट होती. कागदावर फारसे काही नव्हते. पण पित्याकडून पुत्राकडे आलेली परंपरा अखंड होती. झिया मोहिउद्दीन यांच्याजवळ जुन्या संगीताचा पुरावा होता तो वडिलांच्या आवाजाचा. म्हणून त्यांनी आवाज प्रमाण मानला आणि वाद्य त्याला जुळवून घेतले.

गुरू म्हणून

वीणा घराबाहेर द्यायची नाही, हा जुना संकेत झिया मोहिउद्दीन यांनी मोडला. जात, धर्म, देश, स्त्री-पुरुष असा भेद न ठेवता त्यांनी शिष्य घेतले. कोणतेही वाद्य शिकायला आलेल्याला आधी गायला लावणे ही त्यांची रीत होती. पहाटे खर्जाची साधना करायची, एकेका स्वरावर दीर्घकाळ थांबायचे, आणि तो गळ्यात स्थिर झाल्यावरच वाद्यावर शोधायचा, असा शिक्षणाचा क्रम असे. ज्याला स्वर आतून ऐकू येत नाही, त्याच्या बोटांना तो सापडणार नाही, हे या पद्धतीमागचे सूत्र होते.

त्यांच्या शिष्यपरिवाराकडे पाहिले तर या पद्धतीचा आवाका लक्षात येतो. ऋत्विक सान्याल यांनी त्यांच्याकडून गायन घेतले आणि पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन करीत ध्रुपदाचा अभ्यास रुजवला. पुष्पराज कोष्टी यांनी सुरबहारवर डागरबाणी वाजवली. फ्रान्समधील फिलिप ब्रुगिएर यांनी रुद्रवीणेचे शिक्षण घेतले. नॅन्सी लेश यांनी चेलो या पाश्चात्य वाद्यावर ध्रुपदाचा आलाप उतरवला. चेलोला पडदे नाहीत आणि गजामुळे त्याचा नाद हवा तितका लांबवता येतो. त्यामुळे गळ्यातून वाद्याकडे नेणारी ही शिकवण तेथेही लागू पडली. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठ आणि वेस्लियन विद्यापीठ येथेही झिया मोहिउद्दीन यांनी अध्यापन केले.

धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन हे भोपाळच्या ध्रुपद केंद्राचे गुरू झाले. दोघा भावांचे शिष्य एकमेकांकडे जात-येत आणि त्यामुळे गायन व वीणा यांचे नाते शिक्षणातही टिकले. पुण्यात वास्तव्य करून असलेले गायक उदय भवाळकर यांना या दोन्ही बंधूंचे मार्गदर्शन लाभले. घराण्यातील आणखी एक ज्येष्ठ गायक, सईदुद्दीन डागर (१९३९–२०१७), यांनीही पुण्यात राहून ध्रुपद शिकवले. उदयपूर, अलवर आणि जयपूरच्या दरबारांत वाढलेली ही विद्या अशा रीतीने मुंबई, पनवेल आणि पुणे या परिसरात स्थिरावली.

पळस्पे येथील गुरुकुल

शहरातील घरात शिष्यांची वाढती संख्या सामावणे कठीण होते. पहाटेच्या साधनेला लागणारी शांतताही तेथे मिळत नसे. पनवेलजवळील पळस्पे येथे झिया मोहिउद्दीन यांनी गुरुकुल उभारले. शिष्यांनी गुरूजवळ राहावे, दिवसाच्या प्रहरांप्रमाणे राग शिकावेत आणि शिक्षणाला घड्याळाचे बंधन नसावे, ही जुन्या पद्धतीची कल्पना त्यामागे होती. फरक एवढाच की, या गुरुकुलाला कोणी महाराणा आश्रयदाता नव्हता आणि त्याचे दार घराण्याबाहेरच्यांना खुले होते.

चित्रपट आणि सन्मान

चित्रपट दिग्दर्शक मणी कौल हे झिया मोहिउद्दीन यांचे शिष्य होते. त्यांनी १९८२ साली ‘ध्रुपद’ हा माहितीपट तयार केला. डागर बंधूंचे गायन-वादन आणि राजस्थानातील जुन्या वास्तू यांची त्यात सांगड घातली आहे. निवेदनाचा भार कमी ठेवून आलापाच्या गतीने पुढे सरकणारा हा चित्रपट, झिया मोहिउद्दीन यांना प्रत्यक्ष वाजवताना पाहण्याचे एक मोलाचे साधन आहे. वीणा समोर आडवी धरण्याची त्यांची बैठक, तार खेचणारा डावा हात आणि उजव्या हाताचा हलका आघात विद्यार्थ्याला त्यात नीट न्याहाळता येतो.

रुद्रवीणावादनासाठी १९८१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार देण्यात आला.

निधन आणि वारसा

२८ सप्टेंबर १९९० रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी झिया मोहिउद्दीन डागर यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र बहाउद्दीन डागर (जन्म १९७०) तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. आई प्रमिला डागर यांच्याकडून सतारीचे प्राथमिक धडे घेऊन बहाउद्दीन सुरबहारकडे आणि मग वडिलांच्या हाताखाली रुद्रवीणेकडे वळले होते. वडिलांनंतर काका झिया फरीदुद्दीन यांनी त्यांचे शिक्षण पुढे चालवले. म्हणजे वीणावादकाचे उरलेले शिक्षण एका गायकाने पुरे केले. ज्या परंपरेत वीणा गळ्याच्या मागोमाग जाते, तेथेच हे शक्य होते. बहाउद्दीन यांनी देश-विदेशात रुद्रवीणेच्या मैफली केल्या आणि पळस्पे येथील गुरुकुलात अध्यापनाचे काम सांभाळले.

रुद्रवीणा आजही लोकप्रिय वाद्य झालेली नाही. ती घडवणारे कारागीर थोडे, वाजवणारे थोडे आणि तिचा आलाप सवडीने ऐकणारेही थोडेच आहेत. तरीही एका घरातील वारसावर अवलंबून असलेली ही विद्या झिया मोहिउद्दीन यांच्यानंतर अनेक हातांत पोहोचली आणि मोठ्या भोपळ्यांची, खालच्या स्वरात घुमणारी त्यांची वीणा ‘डागर वीणा’ म्हणून ओळखली जाऊ लागली. वाद्याचा आकार बदलणे आणि विद्या घराबाहेर देणे, ही परंपरेने सहसा मान्य न केलेली दोन पावले त्यांनी टाकली. डागरबाणीचा आलाप आज वीणेवर ऐकायला मिळतो, तो प्रामुख्याने या दोन पावलांमुळे.